पणजीचं माहेर शोधतेय: घराण्याच्या इतिहासासाठी कुठली पुस्तकं, कुठली दप्तरं?

उंबरठा | ९ जून, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी.

आमच्या घराण्याची वंशावळ थोरल्या चुलत्यांनी एका लांबट खतावणीत लिहून ठेवली आहे. आठ पिढ्या आहेत, एकसष्ट पुरुष आहेत. दत्तक कोण, निपुत्रिक कोण, गाव सोडून कोण गेलं, सगळं आहे. बाई एकही नाही.

मला माझ्या पणजीचं माहेर शोधायचंय. आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं. पणजी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली, तेव्हा आजोबा अंगावर पीत होते. सासरचं नाव सरस्वती, हे बाबांना ठाऊक आहे. माहेर 'नीरेपलीकडचं', एवढंच घरात बोललं जायचं. गाव नाही, आडनाव नाही, माहेरचं नाव नाही. आजोबांना जाऊन आता चाळीस वर्षं झाली आणि त्यांच्या पिढीतलं कुणीच उरलेलं नाही. बाबा ब्याऐंशीचे आहेत. त्यांच्या हयातीत हे सापडावं अशी फार इच्छा आहे.

आम्ही शेतकरी माणसं, आमच्या घराण्याचं छापील असं काही नाही. ट्रंकेत मोडीतला एक कागद मिळालाय, त्याबद्दल नंतर लिहीन. आधी एवढंच विचारते: सुरुवात कुठून करायची? कुठली पुस्तकं जवळ हवीत? आणि तुमच्यापैकी कुणाला घरातल्या बाईचं मूळ सापडलंय का? सापडलं असेल तर कुठल्या कागदात?

दौतटाक | ९ जून, रात्री ११.३५

ताई, पहिली गोष्ट, दप्तरं पळून जात नाहीत, माणसं जातात. उद्याच बाबांजवळ बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. 'माहेर कुठलं' असं थेट विचारलंत तर 'माहीत नाही' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: आजोबा लहानपणी कुणाकडे वाढले? लग्नात मामाचा मान कुणी घेतला? कुठल्या गावच्या जत्रेला जायचे? बैल कुठून आणले? सोयरीक आणि बैल एकाच वाटेने येतात.

पुस्तकांचं म्हणाल तर वंशावळींच्या पुस्तकांवर आधी उडी मारू नका. गो. स. सरदेसायांचं 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' चांगलं आहे, पण ते सरदार-संस्थानिकांचं. तुमच्या कामाचं पहिलं पुस्तक म्हणजे त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा', १९१५ सालचं. गावातले हक्क, वतनं, बलुतं, चावडी हे समजल्याशिवाय कागद हातात आला तरी तो काय म्हणतोय ते कळत नाही. मात्र जातीजमातींबद्दल त्यात जे शेरे आहेत ते त्या काळातल्या एका अधिकाऱ्याचे आहेत, हे वाचताना लक्षात ठेवा.

मग शब्दकोश. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती घ्या. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा 'फार्सी-मराठी कोश', १९२५ चा. हे तीन हाताशी असले की निम्मी भीती जाते.

मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअर्स पण पाहा. पुणे जिल्ह्याचे तीन भाग १८८५ चे आहेत, साताऱ्याचा खंडही त्याच सुमाराचा. त्यात तुमचं घराणं मिळणार नाही. पण कुठला बाजार कुठल्या वारी भरायचा, नदीवर उतार कुठे होता, हे मिळेल. नदीपलीकडची सोयरीक उताराच्या आसपासची असते.

मोडीच्या कागदाचा फोटो टाका.

माजघर | १० जून, सकाळी ८.०५

उंबरठा, तुमच्या धाग्याने पोटात कालवलं.

आमच्याकडे उलटी गत आहे. कोकणातलं घराणं, जाडजूड कुलवृत्तांत छापलेला, त्यात माझ्या आजोबांचा फोटोसुद्धा आहे. आजीसाठी अर्धी ओळ: लग्नाचं साल, सासरचं नाव आणि कंसात माहेरचं आडनाव. पण ती अर्धी ओळ होती म्हणून मी आजीच्या माहेरच्या आडनावाचा कुलवृत्तांत ग्रंथालयात जाऊन उघडला. तिथे तिच्या वडिलांच्या नोंदीखाली 'कन्या' म्हणून ती होती, माहेरच्या नावाने. दोन पुस्तकं समोरासमोर ठेवली तेव्हा कुठे एक बाई पूर्ण झाली.

ज्यांच्या घराण्याचे कुलवृत्तांत आहेत त्यांनी हे नक्की करून पाहा. सून एका पुस्तकात असते आणि तीच लेक दुसऱ्या पुस्तकात. आणखी एक, जुन्या आवृत्तीत असलेली माहिती नव्या आवृत्तीत गाळलेली मी पाहिली आहे, तेव्हा दोन्ही पाहायच्या.

चावडी | १० जून, दुपारी १.२०

मी तलाठी म्हणून तेवीस वर्षं काढली, मग मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झालो. शेतकरी घराचा इतिहास चावडीत असतो, हे मी छातीठोक सांगतो. फक्त तो वाचता आला पाहिजे.

लोक सातबारा काढतात आणि थांबतात. सातबारा म्हणजे आजचा मुक्काम. वाट हवी असेल तर फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यानंतर गावोगाव या वह्या सुरू झाल्या. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे नंबर. शेवटच्या नंबरापासून मागे मागे जायचं. प्रत्येक वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारस असतात. गट नंबर जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे आहेत, त्यामुळे जुना सर्व्हे नंबर कुठला ते आधी भूमी अभिलेखकडून काढून घ्या, नाहीतर मध्येच वाट बंद होते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. जिथे नाहीत तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

आता बायांबद्दल. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, नुसतं 'को.' असंही लिहितात. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. कुठे 'मर्द' असतं. विदर्भ-मराठवाड्याकडे 'जौजे', आणि विधवा असेल तर 'बेवा'. हे शब्द ठाऊक नसल्याने लोक 'सखूबाई मर्द गणू' वाचून गोंधळतात. या सगळ्यांत पुढे नवऱ्याचं नाव येतं, बापाचं येत नाही. म्हणून सासरच्या फेरफारात माहेर मिळेल ही आशा कमी ठेवा.

'ए.कु.मॅ.' दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागतं आणि धाकटे भाऊ वहीतून नाहीसे होतात, ते वारले असं समजू नका. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे तुमच्या कामाचं आहे. आजोबा अज्ञान असताना पणजोबा वारले असतील तर पालनकर्ता कोण लागला ते बघा. कधीकधी मामा असतो.

माहेरच्या बाजूने बाई दिसायला लागते ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. मुलींची नावं वारसात येऊ लागली आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रंही. हक्क सोडणारी प्रत्येक बहीण तिथे सासरच्या पूर्ण नावानिशी आणि सासरच्या गावानिशी असते. एका हक्कसोडपत्रात मी पाच बहिणींचे पाच गाव पाहिलेत. नोंदणी कार्यालयातल्या सूची दोनमध्ये त्याचा शोध लागतो. तुमची पणजी १९१८ ची, तिला याचा उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांना होईल.

कूळकायद्याच्या कागदांतही विधवा सापडतात. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, पण जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर खरेदी पुढे ढकलली जायची, कलम ३२ फ. त्या नोंदीत बाईचं नाव आणि तिची स्थिती लिहिलेली असते.

आणि सर्वांत आधी गाव नमुना चौदा बघा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात.

उंबरठा | १० जून, रात्री ९.५०

चावडीकाका, तुमचं उत्तर मी छापून घेतलंय. पणजोबा १९३१ साली वारले, आजोबा तेरा वर्षांचे. फेरफार घरातच होता, आज शोधला. अ.पा.क. म्हणून चुलत आजोबांचं नाव आहे. मामा नाही.

दौतटाक, कागदाचा फोटो जोडते आहे. पहिल्या ओळीत तारीख असावी. एका ओळखीच्यांनी वाचून दिलं: 'सु॥ सलास अशरीन मयातैन व अलफ'. याचा अर्थ?

दौतटाक | १० जून, रात्री १०.४०

ही सुहूर सनाची तारीख, अरबी अंकांत, एककापासून वर चढत जाणारी. सलास म्हणजे तीन, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. सुहूर १२२३. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद १८२२-२३ चा. पेशवाई जाऊन चार-पाच वर्षं झालेली, पण कारकुनाचा हात जुनाच.

पडताळा घ्यायचा असेल तर पानिपतचा घ्या. जानेवारी १७६१, सुहूर ११६१, इहिदे सितैन मया व अलफ. अधिक सहाशे. बरोबर येतं.

पुढे 'छ' असं अक्षर आणि मुसलमानी महिना असेल तर तो चंद्र, म्हणजे तारीख. तिचं रूपांतर करायला जंत्री लागते. स्वामीकन्नू पिल्ले यांचे 'इंडियन इफेमेरिस'चे खंड इसवी सन ७०० पासून १७९९ पर्यंतचे आहेत, तुमचा कागद त्याच्या जरा पुढचा पडतो. शक असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत फसली सन असतो, तिथे साधारण ५९० मिळवा, आणि कागद उर्दूत.

मजकूर वाचला. पाटलाकडच्या बैलाच्या देण्याघेण्याची याद आहे, वंशावळ नाही. पण तुमच्या घराण्याच्या दोन पुरुषांची नावं बापाच्या नावासकट आहेत. चुलत्यांच्या खतावणीशी ताडून पाहा.

मोडी स्वतः शिका, हे कळकळीने सांगतो. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग होतात. रोज अर्धा तास दिलात तर तीन महिन्यांत स्वतःच्या घरचा कागद वाचू लागाल. मी बावन्नाव्या वर्षी शिकलो. ज्या दिवशी पहिल्यांदा आमच्या खापरपणजोबांची निशाणी, नांगर काढलेला, कागदाच्या खाली ओळखता आली, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गोदाकाठ | ११ जून, दुपारी ४.१५

तीर्थोपाध्यांच्या वह्यांचं कुणीच कसं लिहिलं नाही? नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्यांच्या नामावळ्या लिहिल्या जातात.

मी २०१५ च्या सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, गर्दी नसताना, नाशकात गेले होते. रामकुंडावर विचारलं. पहिला प्रश्न मूळ गाव कुठलं, दुसरा आडनाव, तिसरा जात. 'आम्ही पुण्याचे' म्हटलं तर ते म्हणाले, 'पुणे नको, देव कुठल्या गावात आहेत ते सांगा.' गाव सांगितल्यावर ज्यांच्याकडे त्या भागाच्या वह्या आहेत त्या गुरुजींकडे पाठवलं. त्यांनी माडीवरून लाल फडक्यात बांधलेलं बाड आणलं. उभट, वरच्या अंगाला शिवलेली पानं, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी उलटायची. सुरुवातीची मोडी, मग बाळबोध. पंधरा मिनिटांत माझ्या पणजोबांची सही समोर. शाई तपकिरी झालेली, 'ळ' वर शाईचा थेंब पडलेला. मी त्या थेंबाला हात लावू का म्हणून विचारलं, त्यांनी लावू दिला.

उंबरठा, तुमच्यासाठी महत्त्वाचं असं की श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होतो आणि आईच्या बापाकडच्या तीन पिढ्यांचाही: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. म्हणजे तुमच्या आजोबांनी कुठल्याही तीर्थावर श्राद्ध केलं असेल तर पणजीच्या वडिलांचं नाव तोंडून निघालंच असणार. वहीत ते दर वेळी उतरतं असं नाही, पण आमच्या वहीत 'मातोश्री', 'पत्नी' आणि 'मातुल' असे तिन्ही उल्लेख आहेत. आमच्या सात बाया मला तिथे मिळाल्या, ज्या आणखी कुठेच नव्हत्या.

जाताना दोन गोष्टी करा. दक्षिणा मनापासून द्या, ही माणसं पोटाला चिमटा घेऊन वह्या सांभाळतात. आणि आपली नोंद करताना घरातल्या सगळ्या बायांची माहेरच्या नावासकट नोंद करा, लेकींचीही.

बाहेरगावी असणाऱ्यांसाठी: फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर उत्तरेकडच्या काही तीर्थांवरच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत.

उंबरठा | ११ जून, रात्री ८.३०

गोदाकाठ, शाईच्या थेंबाचं वाचून डोळे भरले.

आजोबा माळकरी होते. पंढरीशिवाय कुठलं तीर्थ केलं नाही, आणि श्राद्धही घरीच, पान ठेवून. तरी बाबांना विचारते.

वेशीबाहेर | १२ जून, सकाळी ११.००

माझ्या घराण्याला कुलवृत्तांत नाही, तीर्थावरची वही नाही. आमच्या माणसांना त्या घाटावर जाऊच देत नव्हते. म्हणून आमच्याकडचं कुठे सापडतं ते सविस्तर लिहितो, कारण आमची मुलं विचारतात आणि त्यांना वाटतं की आपलं काहीच लिहिलेलं नाही.

लिहिलेलं आहे. महार वतनाची रजिस्टरं आहेत. वतनात तक्षिमा असायच्या, म्हणजे कुणाच्या घराचा कितवा हिस्सा, कुणाची पाळी कधी. तक्षीमदारांची नावं बापाच्या नावासकट असतात. कनिष्ठ वतनं रद्द करण्याचा कायदा १९५८ चा. त्यानंतर जमिनी पुन्हा देताना वारस ठरवावे लागले, म्हणून त्या वेळच्या फेरफारांत एकेका तक्षिमेची अख्खी शाखा उतरली आहे. आमच्या गावचा तो एक फेरफार नऊ पानांचा आहे. त्यात विधवा हिस्सेदार म्हणून माझ्या खापरपणजीचं नाव आहे. सरकारी कागदावर तिचं तेवढंच एक नाव. ते मी चौकटीत लावलंय.

जुन्या कागदांत आपल्या माणसांच्या नावाला 'नाक' जोडलेलं असतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईतल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कितीतरी 'नाक' आहेत. कागद वाचताना हा शब्द हेरून ठेवा. पलटणीत कुणी असेल तर सेवापुस्तक आणि पेन्शनचे कागद शोधा, पेन्शनच्या कागदात बायकोचं नाव येतंच. आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्याकडे कित्येकांनी नावं, आडनावं बदलली. त्यामुळे शाळेतलं आडनाव आणि वतनातलं आडनाव वेगळं निघालं तर माणूस चुकला असं समजू नका.

एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे खंड (१९२० ते १९२२) आणि मध्य प्रांतासाठी रसेल-हिरालाल (१९१६) लोक आवर्जून सुचवतात. मी दोन्ही वाचलेत. कुळांची, देवकांची माहिती त्यांत आहे. पण आपल्या आजीआजोबांबद्दल तिऱ्हाईताने लिहिलेलं ते वाचताना मन घट्ट करून बसावं लागतं, आणि त्यातला शब्द न शब्द खरा मानायचा नाही.

पंचगंगा | १२ जून, दुपारी २.४५

आमच्याकडे कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. बैल घेऊन, घंटा वाजवत. दारात बसून सगळी वंशावळ म्हणून दाखवतात आणि नवीन जन्मलेली पोरं वहीत चढवून घेतात. दरवर्षी येत नाहीत, काही वर्षांनी येतात.

गेल्या खेपेला आमच्या हेळव्याने माझ्या चुलत आजीचं माहेर धडाधड सांगितलं, आम्हालाच माहीत नव्हतं. पुरंदरकडे हे लोक येत असतील असं वाटत नाही, पण या भागातल्या कुणी वाचत असेल तर हेळवी दारात आला की त्याला पाणी देऊन परत पाठवू नका. बसवून घ्या, जेवू घाला, सगळं म्हणून घ्या. म्हणणारे थोडे राहिलेत.

भाटांच्या वह्यांबद्दल मात्र एक सांगतो. खालच्या आठ-दहा पिढ्या पारखून घ्या. त्याच्या वरती चंद्र-सूर्यापर्यंत जे जातं त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नका.

मांडवीतीर | १२ जून, रात्री ९.२०

गोव्यातल्यांसाठी थोडं. पणजी शहरातल्या पुराभिलेखागारात कोमुनिदादींचे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक संस्थांचे, आणि चर्चचे जुने दस्तऐवज आहेत. कागद पोर्तुगीजमध्ये, पण नावं आणि तारखा ओळखायला महिन्याभरात जमतं. ख्रिस्ती घराण्यांना बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू अशा तिन्ही नोंदींचा आधार असतो आणि त्यांत आईबापांची नावं येतात, म्हणून बाईचा माग इथे बराच सोपा. हिंदू घराण्यांनी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या पाहाव्यात. त्या याद्या पुरुषांच्या, पण कुलदेवता आणि मूळ गाव पक्कं होतं. घाटावर किंवा कारवारकडे गेलेल्या कित्येक घराण्यांचा मागही देवळावरूनच लागतो.

आप्रवासी | १३ जून, पहाटे ५.१०

मी मॉरिशसचा. आमचे पूर्वज मुंबई बंदरातून गिरमिटावर इथे आले. मराठी मी घरात आणि शाळेत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवासींची जुनी रजिस्टरं आहेत. तिथे प्रत्येक माणसाला एक नंबर. बाईलाही तिचा स्वतःचा नंबर असतो, नवऱ्याचा नाही. नंबराबरोबर जहाज, वय, जात, जिल्हा, गाव. माझ्या घरातली जी पहिली बाई आली तिच्यापुढे 'रत्नागिरी' लिहिलंय आणि पुढे गावाचं नाव, पण गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. चार वर्षं मी ते नाव निरनिराळ्या तऱ्हेने उच्चारून पाहिलं. शेवटी रत्नागिरीच्या एका बाईंनी फोनवर ऐकून ओळखलं.

ताई, तुमच्या पणजीचं गाव नदीपलीकडे आहे. सापडेल.

उंबरठा | २ ऑगस्ट, रात्री १०.३०

मध्ये दीड महिना गेला, क्षमस्व.

गाव नमुना चौदा मिळाला. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून या जुन्या वह्या कपाटातून बाहेर आल्या आहेत, बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी गावनिहाय स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर टाकल्या आहेत. आमच्या गावचं १९१८ चं पान तिथे नव्हतं, पण अभिलेख कक्षात वही होती.

ऑक्टोबर १९१८ ची पानं मी एकटीने वाचली. त्याआधीच्या महिन्यांत पाच-सहा नोंदी. ऑक्टोबरात एका पानावर सव्वीस, आणि त्या सगळ्या अकरा दिवसांतल्या. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' लिहिलंय आणि खाली नुसत्या खुणा, तेच, तेच, तेच. बाराव्या नोंदीपासून अक्षर बदललंय. आधीच्या कारकुनाचं काय झालं असेल, असं मनात येऊन गेलं. एकोणिसावी नोंद 'सरस्वती कोम' आणि पुढे पणजोबांचं नाव. वय २०. ताप.

वीस वर्षं. मला वाटायचं पणजी म्हणजे म्हातारी. ती माझ्या लेकीपेक्षा लहान होती.

माहेर अर्थातच नाही. आता पुढे कुठे जाऊ?

चावडी | ३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

ताई, आईविना तान्हं पोर कुणी वाढवलं ते बाबांना पुन्हा विचारा. त्या काळी अशी पोरं आजोळी जायची. आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का? त्यात 'मागील शाळा' असा रकाना असतो. तो वाचा.

नीरेपलीकडे काही गावं खालसातली, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालची, सातारा जिल्ह्यातली, काही फलटण संस्थानातली. शाळा कुठे निघते त्यावर पुढचे कागद ठरतील.

उंबरठा | ३ ऑगस्ट, सकाळी ७.४०

दाखला आहे. समोर आहे. मागील शाळेच्या रकान्यात आमच्या गावाचं नाव नाही. मी आजवर ते वाचलंच नव्हतं.

उंबरठा | २७ ऑगस्ट, रात्री ११.५५

गाव मिळालं.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूचं, नदीपासून कोसभर आत. गावाचं नाव इथे देत नाही, त्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. पूर्वीच्या लोकल बोर्डाची शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. मुख्याध्यापिका बाईंनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. पाठीचा कणा निघालेला, पानांना वाळवीने खालून नक्षी केलेली. १९२५ सालात आजोबांचं नाव सापडलं. पालकाच्या रकान्यात एका पुरुषाचं नाव, आडनावासकट, आणि बारीक अक्षरात 'मामा'. त्यांची निशाणी म्हणून अंगठा.

त्या आडनावाची गावात चार घरं. तिसऱ्या घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजी भेटल्या, मामांच्या घरातली नातसून. मी आजोबांचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, 'म्हंजी ठकूआत्याचा पोरगा का?'

ठकू. सासरी सरस्वती झालेली, माहेरी ठकू.

त्यांच्या आजेसासूबाई जात्यावर बसल्या की नणंदेची ओवी म्हणायच्या, नदीला पूर आलाय आणि पलीकडची ठकू हाक मारतेय अशी. आजींनी ती म्हणून दाखवली, मधली ओळ त्यांना आठवेना, दोनदा थांबल्या. फोनवर घेतली आहे. दौतटाक, तुम्ही पहिल्याच दिवशी माणसांकडे जा म्हणालात. आजी यंदा उन्हाळ्यात दवाखान्यात होत्या. आणखी सहा महिने उशीर केला असता तर मला फक्त अंगठा मिळाला असता.

घरी येऊन बाबांना ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, खतावणी आण. चुलत्यांनी समासात जागा सोडली होती तिथे पणजोबांच्या नावाशेजारी त्यांनी स्वतः लिहिलं. हात थरथरतो म्हणून अक्षर मोठं आलंय. पुढच्या सुनांची नावं मी लिहितेय, माहेरच्या नावांसकट. एकतीस झाल्या. बाकीच्यांसाठी फोन चालू आहेत.

माजघर | २८ ऑगस्ट, सकाळी ६.५०

ठकूआजीला नमस्कार.

चावडी | २८ ऑगस्ट, सकाळी ८.३०

फार बरं वाटलं ताई. आता मामांच्या वडिलांच्या वारसाचा फेरफार काढा. त्यात बाप आणि आजा मिळेल. गाव खालसातलं आहे, वही सापडायला हरकत नाही. अर्जात जुना सर्व्हे नंबर लिहायला विसरू नका.

उंबरठा | २८ ऑगस्ट, सकाळी ९.०५

सर्व्हे नंबर आजींच्या नातवाने दिला. अर्ज काल केलाय काका, सोमवारी बोलावलंय. बाबाही येणार म्हणताहेत.